पायरीपर्यंतचं पाणी

माझे सासरे पस्तीस वर्षं पोस्टमन होते. बांद्याजवळचं आमचं गाव आणि नदीपलीकडच्या तीन वाड्या, एवढं टपाल त्यांनी पायी वाटलं. घरात आम्ही त्यांना आबा म्हणतो. लग्न होऊन मी आले तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले होते, पण कुठलीही गोष्ट त्यांना विचारून पक्की करायची गावाची सवय सुटली नव्हती. कोणाची जमीन कुठे संपते, कोण कुठल्या साली मुंबईला गेला, कुठल्या विहिरीला मे महिन्यात पाणी टिकतं, हे आबा सांगत आणि ते सांगतील ते लोक खरं धरत. अशा माणसाला मी खोटं बोलायला लावलं. मी शाळेत शिक्षिका आहे, म्हणून हे लिहायलाही मला फार अवघड जातं.

वरच्या वाडीतलं आमचं जुनं घर वाटणीत थोरल्या चुलत सासऱ्यांकडे गेलं. आबांच्या वाट्याला नदीकाठची खालची जमीन आली. त्याबद्दल भांडण झालं नाही. आबा म्हणाले, भावाची मुलं जास्त आहेत, त्यांना घर लागेल. काही वर्षं आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलो. नवरा कुडाळला एका कारखान्यात हिशेबनीस होता, माझी नोकरी हायस्कुलात. दोघांचे पगार धरले तर कर्ज मिळण्यासारखं होतं आणि जमीन होतीच. आम्ही घराचा नकाशा करून घेतला. स्लॅबचं घर, दोन खोल्या आणि आबांसाठी रस्त्याकडे उघडणारी एक पडवी, कारण येणारा-जाणारा दिसला नाही तर त्यांना करमत नसे.

नेमकं त्याच वर्षी पूररेषा आखायला माणसं येणार असल्याचं कळलं. निळी रेषा जिथून जाईल तिच्या आत नवीन बांधकामाला परवानगी मिळणार नव्हती. खालच्या वाडीत बारा-चौदा घरं आणि आमच्यासारख्यांच्या मोकळ्या जमिनी होत्या. रेषा मारुतीच्या देवळाच्या अलीकडून, म्हणजे नदीच्या बाजूने, गेली तर सगळे सुटत होते, पलीकडून गेली तर सगळे अडकत होते. ग्रामपंचायतीत बैठक झाली. ठराव वगैरे काही नाही. एवढंच ठरलं की जुन्या माणसांना विचारलं तर सगळ्यांनी एकच सांगायचं: आजवरचं सगळ्यात मोठं पाणी देवळाच्या पायरीपर्यंत आलं.

खरं गावात सगळ्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. माझा नवरा दोन-तीन वर्षांचा असताना जो पूर आला, त्यात देवळाच्या कौलांना पाणी लागलं होतं. खालच्या वाडीत तेव्हा फक्त मातीची चार खोपटी होती, ती गेली. त्यानंतर इतकं मोठं पाणी आलं नाही आणि हळूहळू माणसं परत खाली उतरली. पण आबांनी तो पूर पाहिला होता आणि पाहणीला येणारे आधी त्यांनाच विचारणार होते.

नवऱ्याने बापाशी बोलायचं टाळलं. म्हणून मी बोलले. आबा भाड्याच्या खोलीबाहेर ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

मी म्हटलं, "आबा, पाणी पायरेपर्यंत इला, इतक्याच सांगा. सगळेच तसा सांगतले."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "आणि परत इला तर?"

"इतक्या वर्षांत इला नाय."

त्यांनी कातरलेली सुपारी डब्यात भरली. मग म्हणाले, "तू सांगतस म्हणान सांगतंय गो." मी शिकलेली सून. माझ्या शब्दाला त्यांच्याकडे वजन होतं, आणि मला ते माहीत होतं.

पाहणीची माणसं आली. आबा त्यांच्याबरोबर देवळापर्यंत चालत गेले आणि चपलेच्या टोकाने दुसरी पायरी दाखवली. त्या माणसांनी खूण केली, फोटो काढला, आबांची सही घेतली. पुढे रेषा देवळाच्या अलीकडून गेली. ती केवळ आबांच्या सांगण्यावरून गेली असं नव्हे, पाहणीवाल्यांचीही मोजमापं असणार. पण आम्ही सगळे खूश झालो. त्या दिवशी आबा जेवले नाहीत, पोट बरं नाही म्हणाले.

घर बांधताना पैसे कमी पडायला लागले तेव्हा जमिनीचा अर्धा तुकडा आम्ही विकला. घेणारं जोडपं मूळ तोंडवलीचं, त्यांना आम्ही काका-काकी म्हणायला लागलो. काका मुंबईला गोदीत नोकरीला होते, निवृत्त होऊन परत आले होते. तोंडवलीला त्यांचं घर समुद्राला अगदी लागून. दरवर्षी वाळू ढासळत चालली होती आणि भावांनी आपापला हिस्सा पर्यटकांच्या खोल्या बांधणाऱ्याला देऊन टाकला होता. काकी मला म्हणाल्या होत्या की त्यांना आता लाटेचा आवाज नको झालाय, नदी बरी. जमीन बघायला आले तेव्हा काकांनी आबांना थेट विचारलं, "आबानू, हयसर पाणी येता काय हो?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "देवळाच्या पायरेपर्यंत येता," ते म्हणाले. "हयसर नाय."

मी चहा आणायला आत गेले.

दोन्ही घरं एकाच वर्षी उभी राहिली, आमचं स्लॅबचं, त्यांचं कौलारू. काकांना कौलंच हवी होती. काकींनी अंगणात मोगरा, अबोली आणि कढीपत्ता लावला. काकांना दशावताराचं भारी वेड. आसपासच्या कुठल्याही जत्रेत नाटक असलं की ते आबांना घेऊन जात आणि सकाळी दोघे पडवीत बसून कुठल्या राजाने किती पदं जास्त घेतली यावर वाद घालत. आबांना नोकरीनंतर मिळालेला तो पहिला मित्र होता. मला वाटायचं, चला, बरं झालं.

घर पुरं झाल्यावर कर्ज देणाऱ्या बँकेने विमा काढायला सांगितला, आणि काकांनीही काकींच्या नावावरच्या आपल्या घराचा काढायचं ठरवलं. एजंट फॉर्म घेऊन आला. फॉर्म इंग्रजीत होता. काकींना नजरेचा त्रास, काकांना इंग्रजी कामापुरतं, म्हणून दोन्ही फॉर्म मीच भरले. त्यात एक प्रश्न होता, या जागेत पूर्वी कधी पुराचं पाणी शिरलं होतं का. एजंट म्हणाला, नाही लिहा, पूररेषेच्या बाहेर आहात ना. मी दोन्ही फॉर्मांवर 'नाही' लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे.

पाच पावसाळे निभावले. सहाव्या वर्षी श्रावणात सलग तीन दिवस पाऊस कोसळत राहिला. चौथ्या दिवशी सकाळी शाळेला सुट्टी जाहीर झाली. आम्ही सगळे नदीकडे बघत होतो. खाडीला भरती असली की समुद्राचं पाणी नदीला मागे रेटतं, हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भरतीची वेळ कधी संपते त्याची वाट बघत होतो. पण पाणी नदीकडून आलं नाही. ते मागच्या व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून आलं, शेतातून, गवतावरून, अगदी आवाज न करता. मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा पायाखाली गार लागलं आणि बघते तर मोरीतून पाणी वर येत होतं.

तासाभरात ते गुडघ्यापर्यंत आलं. आम्ही तांदळाची पोती, कागदपत्रं, मुलांच्या तपासायच्या वह्या स्लॅबवर नेल्या. आबांना वर बसवलं. काकी आमच्याकडे आल्या, पण काका येईनात. त्यांना घरातलं सामान वाचवायचं होतं. माझा नवरा त्यांच्या मदतीला गेला. दोघं कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून टेबलावर टेबल चढवत होते. काचेचा ग्लास फुटला आणि काकांचा पाय कापला, तरी ते निघेनात. शेवटी नवऱ्याने दोरी बांधून त्यांना आमच्याकडे ओढून आणलं.

स्लॅबवर आम्ही ताडपत्री धरून बसलो. समोर देवळाची पायरी केव्हाच बुडाली होती. गाभाऱ्याचं दार बुडालं. काकी देवाचं नाव घेत होत्या. काका म्हणाले, आता ओसरेल, भरती संपली. आबा पाण्याकडे बघत होते. ते अगदी हळू म्हणाले, "अजून येतला."

काकांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. किती येणार हे या माणसाला ठाऊक आहे, हे त्यांना त्याच क्षणी कळलं असावं.  पाणी देवळाच्या कौलांना लागलं आणि तिथे थांबलं, जसं पूर्वी थांबलं होतं. काकांच्या घराच्या मागच्या बाजूची कौलं आत कोसळली. मोगऱ्याचा मांडव वाहत जाताना आम्ही सगळ्यांनी पाहिला.

पुराबद्दल लोक पाण्याचं बोलतात, पण खरं घर खातो तो गाळ. दुसऱ्या दिवशी उतरलो तेव्हा प्रत्येक खोलीत घोट्याएवढा चिखल होता, गुळगुळीत आणि घाण वासाचा. फ्रीज आडवा पडला होता. प्लायवूडची कपाटं फुगून दारं निघाली होती. पडद्याच्या दांडीवर एक दिवड, पाणसाप, वेटोळं घालून बसलं होतं, ते बिनविषारी असतं म्हणून कोणी मारलं नाही. आठ दिवस आम्ही फावड्याने गाळ काढत होतो. तलाठ्यांनी येऊन पंचनामा केला. सरकारी मदत मिळाली ती भांडी आणि अंथरूण घेण्यात संपली. आम्ही एकमेकांना म्हणत होतो, विमा आहे.

नवव्या दिवशी काकांना ताप आला. आधी वाटलं थंडी वाजली, भिजले होते. मग डोळे पिवळे दिसायला लागले. गावातल्या डॉक्टरांनी पायाची जखम पाहिली आणि लगेच गोव्याला न्यायला सांगितलं. लेप्टो होता, पुराच्या घाण पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप. इस्पितळात काकींना बाहेर एका बाकावर बसून दिवस काढावे लागले. मुंबईहून मुलगा आला.

त्याच आठवड्यात विमा कंपनीचा सर्व्हेअर यायचा होता. मालकाने हजर राहावं असं पत्र होतं, म्हणून काकी एका दिवसासाठी परत आल्या. सर्व्हेअर तरुण होता, नम्र होता. गमबूट घालून त्याने दोन्ही घरं नीट फिरून बघितली, फोटो काढले, भिंतीवरच्या ओल्या रेघेची उंची टेपने मोजली. तो आमच्या बाजूचा वाटत होता. निघताना त्याला पाणी दिलं. आबा पडवीत खुर्चीवर होते. सर्व्हेअर सहज बोलावं तसा त्यांना म्हणाला, "आजोबा, याआधी इथे कधी एवढं पाणी आलं होतं का?"

मी दारात उभी होते. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. आबा खुर्चीवरून उठले, सरळ उभे राहिले. पोस्टात असताना साहेबांसमोर बोलत तशा मराठीत ते बोलले.

"आलं होतं. देवळाच्या कौलांपर्यंत. याच जागेवरून मी होडीतून टपाल नेलंय. पूररेषेच्या वेळी मी पायरी दाखवली, ते खोटं होतं."

सर्व्हेअरने लगेच काही लिहिलं नाही. त्याला ऐकून वाईटच वाटलं असावं. त्याने विचारलं की हे घरातल्या बाकीच्यांना माहीत होतं का. आबा म्हणाले, त्यांना काही विचारू नका, सांगितलं मी. पण फॉर्मवर अक्षर माझं होतं, सही आमची होती, आणि दुसऱ्या फॉर्मवर काकींची.

तो गेल्यावर अंगणात आम्ही चौघंच राहिलो. काकी वाळत घातलेली ओली गादी उलटी करत होत्या. ती तशीच सोडून त्या माझ्याजवळ आल्या.

"तुका म्हायत होता?"

मी "होय" म्हटलं.  त्यांनी माझ्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिलं, मग पिशवी उचलली आणि गोव्याच्या बसला निघाल्या. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

नवरा बापावर ओरडला. मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा तसं बघितलं. तो म्हणत होता, बोलायचं होतं तर तेव्हा बोलायचं, आता बोलून कोणाचं भलं केलंत.  माझं नाव आबांनी तेव्हाही घेतलं नाही. नवऱ्याला ठाऊक होतं की तेव्हा त्यांना गप्प कोणी बसवलं. म्हणून तो माझ्यावरही ओरडला नाही, आणि ते जास्त वाईट होतं. पुढे कित्येक महिने बापलेक शेजारी शेजारी बसून जेवले, पण बोलले नाहीत.

काका इस्पितळातल्या बाराव्या दिवशी गेले. तोंडवलीला गावाच्या स्मशानात अंत्यविधी झाला. आम्ही गेलो. आबा मागे उभे राहिले, दर्शनाला पुढे गेले नाहीत. परतीच्या वाटेवर गाडीत ते मला एवढंच म्हणाले, "तो इस्पितळात पडलेलो. तेच्यासमोर परत खोटा बोलूक माका जमाक नाय." म्हणजे सर्व्हेअरसमोर नव्हे, काकांसमोर. त्या एका वाक्याखेरीज या सगळ्याबद्दल ते आजपर्यंत माझ्याशी बोललेले नाहीत.

महिन्याभराने विमा कंपनीचे दोन लिफाफे आले, एक आमचा, एक काकींचा. माहिती दडवल्यामुळे दावा नामंजूर. नवरा कुडाळला एका वकिलांना भेटला. ते म्हणाले, लढता येईल, रेषेच्या बाहेर होतात हा मुद्दा आहे, पण वडिलांना साक्षीला बोलावतील. आबांनी ऐकलं आणि शांतपणे सांगितलं की न्या मला, मी तेच सांगेन. आम्ही नेलं नाही. काकींच्या मुलाने आपल्या बाजूने काही खटपट केली असं कळलं, पण काकींनी त्याला थांबवलं. का ते मला माहीत नाही. कदाचित कोर्टात आबांना उभं करायचं त्यांना नको असेल. कदाचित त्या थकल्या असतील.

त्यानंतर काकी मुलाकडे मुंबईला गेल्या. घराला कुलूप. दोन वर्षांनी मुलाने ते विकायला काढलं. किल्ली आमच्याकडे ठेवली होती, कारण गावात त्यांचं दुसरं कोणी नव्हतं. एक कुटुंब बघायला आलं. पुण्याचं. त्यांना नदीकाठी शांत जागा हवी होती. कोसळलेली कौलं बदलली होती, भिंतींना रंग दिला होता, दिसायला सुंदर होतं. बाईंनी मला विचारलं की पावसाळ्यात काही त्रास होतो का. मी त्यांना देवळाची कौलं दाखवली आणि पाणी तिथपर्यंत येतं असं सांगितलं. त्यांनी आभार मानले आणि परत आले नाहीत. असं तीन वेळा झालं. प्रत्येक वेळी मी खरं सांगितलं आणि प्रत्येक वेळी काकींच्या हातून गिऱ्हाईक सुटलं. आता कोणी बघायला येत नाही. काकींच्या मुलाला मी फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, तुमचं बरोबर आहे, आणि फोन ठेवला.

आमच्या घराला कुठलीही कंपनी आता पुराचं संरक्षण देत नाही. नवीन पाहणीत आमची सगळी वाडी निळ्या रेषेच्या आत गेली. म्हणजे घर पाडून परत बांधता येणार नाही, वाढवता येणार नाही, विकलं तर घेणारा नाही. कर्जाचे हप्ते अजून सात वर्षं आहेत. नवरा कधीतरी विषय काढतो की कुडाळला भाड्याने राहू. मग विषय तिथेच संपतो, कारण हप्ता आणि भाडं दोन्ही भरता येणार नाही, हे बोलून दाखवायची गरज नसते. मेच्या शेवटी मी कपडे, पुस्तकं, धान्य शाळेच्या वरच्या वर्गात नेऊन ठेवते. मुख्याध्यापकांनी एक कपाट दिलंय. जमिनीवर आम्ही लाकडाचं काही ठेवत नाही. स्वयंपाकघरात लोखंडी मांडण्या आहेत, त्या पुसता येतात. गेल्या वर्षी पाणी उंबऱ्यापर्यंत येऊन परत गेलं. त्याच्या आदल्या वर्षी घोट्यापर्यंत घरात आलं होतं. वर्गात मुलांना मी भूगोल शिकवते. नदीचा धडा आला की पुस्तकात आहे तेवढंच वाचून दाखवते.

आबा आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. पाऊस सुरू झाला की ते वरच्या वाडीत, भावाच्या घरी राहायला जातात. आम्ही पाठवतो असं नाही, ते स्वतःच पिशवी भरतात. तिथे त्यांना कोणी काही विचारत नाही.

काकींचा गणपतीच्या आधी एकदा फोन येतो. त्या माझी, नवऱ्याची चौकशी करतात, आबांची करत नाहीत. शेवटी नेहमी विचारतात, "घर आसा मां गो?"

मी सांगते, आसा. कौलं दोन फुटलीत, ती बदलून घेतली. मागच्या भिंतीला ओल आली आहे. त्या ऐकून घेतात, बरं म्हणतात.